सिंहाच्या पायाखालचा चेंडू

आऊ वान-हिंगचा दिवस कोंबडा आरवायच्या आधी सुरू व्हायचा. होनाम बेटावरच्या आमच्या कारखान्यात तो चिनी मातीच्या ताटांवर परदेशी घराण्यांची चिन्हं रंगवत असे. अंधारात लाल रंग खलायला बसायचा. खलायला उजेड लागत नाही, मनगट लागतं. उजाडलं की कुंचला. मी भट्टीवर होतो. त्याची ताटं मीच भाजायचो.

त्याच्या आईला एकच गोष्ट हवी होती: स्वतःची शवपेटी. आमच्याकडे मुलगा ती आईच्या हयातीत आणून ठेवतो. "तुझी मजुरी मिळाली की आणू म्हणतोस," आई पेज वाढताना म्हणे. "मी काय चटईत गुंडाळून जाऊ?"

त्या हंगामात स्वीडनच्या एका घराण्याचं मोठं काम आलं. नमुन्याच्या कागदावर ढाल होती, ढालीवर मागच्या पायांवर उभा सिंह, पंजाखाली लाल गोळा. सिंहाच्या पंजाखाली चेंडू असतोच. देवळाच्या दारातल्या सिंहाच्याही आहे. वान-हिंगने प्रत्येक ताटावर चेंडू काढला, नक्षीसकट, रेशमी फीत बांधून. मी भाजला. रंग छान उतरला.

जहाज सुटायच्या सुमारास लाल केसांचा व्यापारी माल बघायला आला. मध्ये दुभाष्या.

"हे काय, असं विचारतायत."

"चेंडू," वान-हिंग म्हणाला.

"ते म्हणतात, कागद मोहरबंद करताना लाख सांडली होती."

कारखान्याचे फान मालक शेजारीच उभे होते, ते वान-हिंगकडे वळले. "लाखेला फीत कोण बांधतं रे, गाढवा?"

"बिनफितीचा चेंडू पाहिलाय का कधी, मालक?"

भाजलेला रंग घासला तर चकाकीही जाते. वारा फिरला होता, जहाज थांबणार नव्हतं. व्यापारी कुरकुरत माल घेऊन गेला. मालकांनी वान-हिंगची मजुरी अडवली. घराण्याने ताटं ठेवली तर मिळेल, म्हणाले. जहाज परत यायला दोन वर्षं.

"दोन वर्षं?" आई म्हणाली. "बरं. म्हणजे इतक्यात मरता येणार नाही." ती पेजेत आलं जास्त घालू लागली.

वान-हिंगला आता फक्त किनारी मिळत, सिंह नाही. किनारीलाही रंग तेवढाच खलावा लागतो.

व्यापारी परतला तो त्याच घराण्याचं नवं काम घेऊन. कागदावर सिंह होता, आणि शाईने काढलेला चेंडू, फितीसकट.

"बग्गीवर आणि फाटकावरही काढून घेतलाय," दुभाष्या म्हणाला. "पणजोबांनी लढाईत मिळवला, असं पाहुण्यांना सांगतात."

वान-हिंगने कागद उजेडात धरला. "फितीची गाठ चुकलीय. मी नीट करतो."

"आहे तश्शी काढ!" मालक ओरडले.

मजुरी मिळाली. त्याच आठवड्यात आम्ही चौघांनी देवदाराची पेटी होडीतून उतरवून त्याच्या घरी नेली. आईने चारही बाजू ठोकून पाहिल्या, आत आडवी झाली, आणि बराच वेळ उठली नाही. आम्ही घाबरलो.

"रुंद आहे," ती आतून म्हणाली.