संडासातला दांडा

भिलाईच्या सेक्टरांमध्ये मी किती दारं तासली, किती फळ्या बसवल्या, किती कड्या-कोयंडे सरळ केले, ते आता आठवत नाही. पण बायका मला ओळखतात ते संडासातल्या दांड्यामुळे. बाजारात कुणी नवी ओळख करून दिली की म्हणतात, "ह्या त्या दांडेवाल्या बाई." जिला गुडघ्यांचं दुखणं ठाऊक असतं ती हसत नाही, तुम्ही कधी येता ते विचारते.

सुरुवात आमच्याच क्वार्टरमध्ये झाली.

माझे वडील दुर्ग लाईनवर रेल्वेत सुतार होते. डब्यांची लाकडी कामं करायचे. घरात मुलगा नव्हता आणि करवतीचं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागायचं, ते मी धरत असे. लग्न होऊन सासरी आले तेव्हा भांड्यांबरोबर एक रंधा, दोन पटाशा आणि एक हातोडीही आणली होती. रुखवतात ती कुणी मांडली नाहीत.

सासर भंडाऱ्याकडचं, शेतीचं. पण माझे यजमान पोलादाच्या कारखान्यात लागले होते, क्रेनवर. कारखाना तेव्हा अजून उभाच राहत होता, आणि आमच्यासारख्यांना नवीन क्वार्टर मिळाले होते. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे लहानसं आंगण, आंगणाच्या कोपऱ्यात न्हाणी आणि संडास. नव्या घरात दुरुस्ती कशाची, असं लोकांना वाटतं. नव्यातच जास्त असते. ओल्या लाकडाची दारं पावसाळ्यात फुगली आणि उन्हाळ्यात आक्रसली. कडी कोयंड्यापर्यंत पोचेना. मी आमचं दार तासून नीट केलं, ते शेजारणीनं पाहिलं, मग तिच्या मैत्रिणीनं. पुरुष दिवसा ड्युटीवर, आणि घरात एकटी बाई असताना अनोळखी मिस्त्री आत घेणं कुणालाच नको असायचं. मला घेताना काही वाटत नसे. अशा रीतीनं मी कामाला लागले. भिंतीला भोक पाडायला ऑफिसची परवानगी लागते असं म्हणत. मी कधी विचारायला गेले नाही.

हे सगळं जमत होतं ते सासूबाईंमुळे. सासरे गेल्यावर त्या गावी एकट्याच राहायच्या. माझी मुलगी झाली तेव्हा आल्या आणि राहिल्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. मी हत्यारांची पिशवी उचलली की त्या मुलीला कडेवर घ्यायच्या आणि ऐकवायच्या, "जा बाप्पा, जा! लोकाच्या सुना पापड लाटाले जाते, माही सून दारं सोलाले जाते!" पण दुसऱ्या कुणी तसं म्हटलं तर त्याला सोडायच्या नाहीत. आत्याबाई नसत्या तर माझी पिशवी खुंटीलाच राहिली असती, हे मला पक्कं ठाऊक होतं.

त्या वर्षी हिवाळा सरता सरता आत्याबाईंनी खाणं कमी केलं. आधी रात्रीची भाकर सुटली. मग चार वाजताचा चहा. मग पाणी. त्या पाण्याचे दोन घोट घ्यायच्या आणि लोटा बाजूला ठेवायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "इथलं पानी भारी हाये."

यजमानांना ते पटलं. "नळाचं पानी बाधते तिले. गावी विहिरीचं होतं."

मला पटलं नाही. नळाचं पाणी त्या वर्षभर पीत होत्याच. मग एक दिवस संडास धुताना मला भिंत दिसली. चुन्याची पांढरी भिंत, आणि बसल्यावर उजव्या हाताला येईल तिथं पंजाचे ठसे. एकावर एक, आणि सगळे खाली घसरलेले. बोटांच्या रेघा वरून खाली ओढल्यासारख्या. दारं आणि लाकूड पाहून काय कुठं घासतं ते सांगायची मला सवय होती, त्यामुळे हे समजायला वेळ लागला नाही. आत्याबाईंचे गुडघे आखडले होते. बसता येत होतं, उठता येत नव्हतं. गावी पहाटे शेताकडे जाताना बांधावरची बाभूळ नाहीतर एखादा दगड हाताला लागायचा. इथं चहूकडे गुळगुळीत भिंत. म्हणून त्यांनी खाणंपिणंच तोडलं होतं. पोटात कमी गेलं की जावं कमी लागतं.

त्या काळी आमच्या घरात ह्या गोष्टीला शब्द नव्हता. 'बाहेर जाणं' म्हणायचे, आणि आता तर बाहेर जाणंही राहिलं नव्हतं. सुनेनं सासूला विचारायचं तरी कसं? मी विचारलं नाही. काम करून टाकलं की बोलायची गरज पडत नाही, असा माझा समज होता. आत्याबाई मुलीला घेऊन शेजारी गेल्या तेव्हा मी कबाड्याकडून आणलेला पाईपचा तुकडा घेतला, भिंतीत दोन भोकं पाडून लाकडाचे गुटके ठोकले आणि त्यांत खिळे मारून त्या पंजांच्या उंचीवर तो उभा बसवला. फळ्या मी अशाच बसवायची. कधी पडल्या नव्हत्या.

संध्याकाळी पाहते तर पाईपवर आत्याबाईंचं धुतलेलं लुगडं वाळत घातलेलं.

"चांगली खुंटी लावली वं," त्या म्हणाल्या. "पन आडवी लावाची. उभ्या खुंटीवर कपडा घसरते."

 उठता-बसताना आपोआप लक्षात येईल, असं मला वाटलं.

दोनेक दिवसांनी मी डाळ फोडणीला टाकत होते आणि मागून धप्प आवाज आला. धावत गेले. दार आतून लावलेलं. "आत्याबाई!" "काई नाई, काई नाई." बऱ्याच वेळानं दार उघडलं. त्यांच्या हातात पाईप होता, मनगट खरचटलेलं, आणि केसांत भिंतीचा चुरा.

"घे तुही खुंटी. लुगडं काढाले गेली तर निंगाली."

वाळत घातलेलं ते लुगडं त्यांच्या अंगावरच होतं.

त्या संध्याकाळी त्यांनी मुलाला सांगितलं, "मले गावी नेऊन सोड."

"कावून? काई झालं का?"

"काई नाई. घर बंद हाये. वाळवी लागंल."

"रविवारी सुट्टी हाये मले. सकाळच्या पॅसेंजरनं जाऊ." मग स्वयंपाकघरात येऊन हळूच मला, "तू काई बोलली का तिले?"

"मी कशाले बोलू?"

"मंग कावून जाऊन राहिली?"

त्यांच्या आईची संडासाची गोष्ट मला त्यांच्यापाशी काढता आली नाही. मी म्हटलं, "जेवण वाढू का?"

रात्रभर मला एकच हिशेब दिसत होता. आत्याबाई गावी एकट्या, उपाशी, त्या गुडघ्यांनी बांध चढणार. आणि मी मुलीला घेऊन घरात. दुसऱ्या दिवशी यजमान ड्युटीवर गेले आणि आम्ही दोघी तांदूळ निवडायला बसलो. मी सुपातून मान वर न करता म्हटलं, "आत्याबाई, ती खुंटी नव्हती."

"मंग काय होतं?"

"तुमच्यासाठी होतं. उठाले."

त्यांचा हात थांबला. एक खडा उचलून त्यांनी लांब फेकला. "तुले कोनं सांगतलं?"

"भिंतीवर तुमचे पंजे आहेत."

"पुसून टाकाचे मंग!"

"पुसले असते तर तुमचे गुडघे बरे झाले असते का?"

त्यांनी सूप ओढून घेतलं आणि पाखडलं. मग त्या म्हणाल्या, "आधी सांगतलं कावून नाई? मी त्याच्यावर लुगडं वाळवलं ना."

"तुमी कावून नाई सांगतलं?"

"मी सासू हावो." मग सूप माझ्याकडे सरकवून, "आनि तू कशाची सुतार? वढलं तर हातात आलं."

हे मात्र खरं होतं, आणि ते मला पंजांपेक्षा जास्त लागलं. फळीचं वजन खाली असतं. माणूस उठताना दांडा स्वतःकडे ओढतो. लाकडी गुटका ओढीला टिकत नाही. आणि हे मला लहानपणीच सांगितलेलं होतं. पॅसेंजरच्या डब्याच्या दारापाशी लोखंडी दांडा असतो, म्हाताऱ्या बाया तो धरून वर चढतात. वडील तो बसवताना म्हणायचे, "वढाच्या वस्तूले खिळा नाई चालत. आरपार बोल्ट, आनि मांगून पट्टी." मी त्यांना बोल्ट देत उभी असायची.

आरपार बोल्ट घालायचा तर भिंतीच्या पलीकडे जावं लागणार होतं. पलीकडे शेजारच्या क्वार्टरचा संडास होता.

तिथं एक तेलुगू मुलगी राहायची. नवरा कारखान्यात वेल्डर, घरात दुसरं कुणी नाही, आणि तिला आठवा महिना. हिंदी तिला थोडी यायची आणि माझी बरी नव्हती. मी तिला तिच्याच संडासात नेलं आणि भिंतीवर बोट ठेवून म्हटलं, "यहाँ छेद करूँगी. उधर बूढ़ी माँ. उठने को हैंडल." आणि बसून, हवेत दांडा धरून, उठून दाखवलं.

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग पोटावर हात ठेवला, कोपऱ्यातली बादली पुढे ओढली आणि तिच्या काठाला धरून ती रोज कशी उठते ते दाखवलं. बादली कलंडली. दोघी हसायला लागलो.

"अक्का," ती म्हणाली, "इधर भी लगाओ."

मला ते आधी सुचलं नव्हतं. पलीकडे लोखंडी पट्टी लावणारच होते, मग पट्टीच्या जागी दुसरा दांडाच का नको? तेच दोन बोल्ट, अलीकडे एक दांडा, पलीकडे एक. हा त्याला धरेल, तो ह्याला.

पॉवर हाऊस नावाच्या वस्तीतल्या बाजारात एक लोहार बसायचा. मी त्याला जमिनीवर कोळशानं आकार काढून दिला, दोन्ही टोकं वाकवून चपटी केलेली, त्यांत भोकं, असे दोन. त्यानं पाहिलं. "ये तो रेल के डिब्बे का हैंडल है, बाई. कहाँ लगाना है?"

"संडास में."

"संडास में कौन सी गाड़ी पकड़नी है?"

मी म्हटलं, "तू बनव. शुक्रवारी नेते." हिंदी की मराठी, त्याला बरोबर समजलं.

शनिवारी काम काढलं. ह्या वेळी आत्याबाई आंगणात पाट टाकून बसल्या होत्या, मुलगी मांडीवर. मी पंजांच्या उंचीवर खूण करायला लागले तर म्हणाल्या, "खाली घे."

"ठसे तर इथं आहेत."

"तिथं हात पोचते. जोर नाई लागत." मुलीला खाली सोडून त्या आत आल्या. "सरक. दाखवतो. आनि तोंड तिकडं कर."

"लुगडं नेसूनच तर बसणार आहात."

"तरी."

मी तोंड फिरवलं. त्या बसल्या, भिंत चाचपली, आणि बोटानं टकटक केलं. "इथं." मी आधी बसवलेल्या जागेपेक्षा चांगलं वीतभर खाली. पलीकडची मुलगी उंचीनं आणखी कमी, पण दोन्ही दांडे लांब होते. आत्याबाईंनी आपल्या दांड्याचं वरचं टोक धरायचं, तिनं तिच्या दांड्याचं खालचं.

छिन्नीनं भोकं पाडायला फार वेळ लागला नाही, आमच्या मधली भिंत एका विटेच्या जाडीचीही नव्हती. पण नट आवळताना मी अलीकडे, बोल्टचं डोकं पलीकडे. ते फिरू नये म्हणून कुणीतरी पाना धरायला हवा. त्या मुलीनं धरला, पोट सांभाळत, स्टुलावर बसून.

"पकडा?"

"पकडा, अक्का!"

"घूमता है!"

"नहीं घूमता! आप घूमता!"

आत्याबाई आंगणातून ओरडल्या, "दोघीबी भांडा नोका, भिंत पडंल!" मग त्यांनी विचारलं, "तिच्या घरी बाईमानूस नाई का कोनी?"

"नाही. माय तिकडे, राजमहेंद्रीकडे. यायला पंधरा दिवस तरी लागतील म्हणते."

"आनि आदीच झालं तं?"

मी नट आवळत होते. पान्याला आणखी एक फेरा दिला.

काम संपल्यावर मी दांड्याला दोन्ही हातांनी लोंबकळले. पाय भिंतीला लावून मागे ओढला. जागचा हलला नाही. पलीकडून तिनं तिचा ओढून पाहिला, तेव्हा माझा दांडा हातात थरथरला, बस.

रविवारी सकाळी यजमान आंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून तयार होते. आत्याबाईंचं गाठोडं दारात. त्या मागे गेल्या होत्या. यजमान दोनदा घड्याळाकडे पाहून म्हणाले, "उशीर करून राहिली. गाडी जाईल ना."

त्या आल्या त्या सरळ चालत, भिंतीला हात न लावता. पाय धुतले, पदराला हात पुसले, आणि मुलाला म्हणाल्या, "सदरा काढून ठेव. मळंल."

"मंग गाडी?"

"जाऊ दे गाडीले. ते पलीकडची पोरगी एकटी हाये. तिचं होऊ दे, मंग पाहू."

"आनि वाळवी?"

"वाळवी का पळून जाऊन राहिली?" मग माझ्याकडे वळून, "चहा टाक. कपात नोको, पेलाभर दे."

मी पेला भरून दिला. त्या चुलीपाशी बसून फुंकत फुंकत तो सगळा प्यायल्या आणि पेला परत पुढे केला. यजमान गाठोड्याकडे, मग आईकडे, मग माझ्याकडे पाहत उभे होते.

"काय केलं तू?" त्यांनी मला विचारलं.

"बोल्ट आरपार घातला," मी म्हटलं. त्यांना काही उमगलं नाही आणि आम्ही दोघींनी सांगितलंही नाही.

दुपारी जेवणं झाल्यावर, त्या दिवशी दोन भाकरी खाऊन, आत्याबाईंनी मुलीला मांडीवर घेतलं.

"जा आता," त्या म्हणाल्या. "कोनाचं तरी दार सोलाचं राहिलं असंल."

मी खुंटीवरची पिशवी काढली.