विसाव्याच्या दगडाशेजारची जागा

खडकीच्या खोलीला कुलूप लावून मी आणि माझी बायको इंदू सकाळच्या गाडीने निघालो. एका दिवसात दोन जागा पाहायच्या आणि घर कुठे बांधायचं ते ठरवूनच परतायचं, असा बेत होता. मूलबाळ नाही, रत्नागिरीकडेही आता कोणी उरलेलं नाही. जिथे घर बांधू तिथेच म्हातारपण जायचं, म्हणून चूक करून चालणार नव्हतं.

चिंचवडची जागा मला बघताक्षणीच पटली. स्टेशन हाकेच्या अंतरावर, चौकोनी आखलेले प्लॉट, पुढेमागे नळही येणार म्हणे. शेजार आमच्यासारखाच, नोकरीसाठी कुठून कुठून आलेला. इंदूने एका घरी पाणी मागितलं. त्या बाईने दार न उघडता खिडकीतूनच पेला दिला.

तिथून टांग्याने मोशी. हाडं पार खिळखिळी झाली. पण इंद्रायणीचा काठ आणि ज्वारीची रानं पाहून इंदू खुलली. जमिनीचे मालक तात्या अजून रानातून यायचे होते आणि पोटात कावळे ओरडत होते. जागेला लागूनच चिंचेखाली छानसा सपाट दगड दिसला. त्यावर फडकं पसरून आम्ही तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटाची (वाळवलेल्या बारीक कोळंबीची) चटणी सोडली.

दुसरा घास तोंडात होता, तोच तात्यांची आई काठी टेकत आली आणि थबकली.

"अवं, हितं जेवताय व्हय? ह्यो इसाव्याचा दगड हाय."

विसावा, म्हणजे मसणवाटेवर तिरडी क्षणभर टेकवून खांदे बदलतात ती जागा. मी ताडकन उठलो. गावातलं प्रत्येक मढं आमच्या दारापासून दहा पावलांवर टेकणार होतं, आणि आम्ही तिथे सुकट खात बसलो होतो. म्हणूनच ही जागा कोणी घेत नाही, हे तात्यांनी आल्यावर सरळ कबूल केलं.

इंदूने मात्र शांतपणे भाकऱ्या बांधल्या, दगड धुतला आणि म्हातारीला विचारलं, बाहेरगावचं माणूस इथे गेलं तर काय करता?

"काय करायचं? आमचीच मानसं खांदा देत्यात. मानूस कुटलं का असंना, मढं ताटकळत न्हाई ठेवत आमी."

परतीच्या गाडीत मी एकटाच बोलत होतो. मोशीचं नाव काढू नकोस, दारात मरण कशाला बघायचं, चिंचवडच घेऊ. पिंपरी मागे पडली तेव्हा ती बोलली.

"मामंजी गेले तेव्हा चौथ्या खांद्यासाठी तुम्ही सबंध चाळ फिरलात. तासभर मी त्यांच्यापाशी एकटी बसले होते. उद्या तुम्ही गेलात, तर चिंचवडात मी कोणाची दारं ठोठावू?"

सवाष्ण बाईच्या तोंडून असलं काही मी कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी तात्यांना जागा घेतो म्हणून कार्ड टाकलं.

घर बांधून मोशीला राहायला गेलो त्याच आठवड्यात मी पहिला खांदा दिला. गेलेलं माणूस कोण होतं, ते मला परत येताना कळलं.