तोंडपाठ महायुद्ध

बारावीला इतिहासानं माझ्या डोक्याचा पार भुगा केला होता. त्र्याण्णव साल. सहामाहीत शंभरात अठरा मार्क पडले, तेव्हा वडील शांतपणे म्हणाले, "बोर्डाला नापास झालीस तर निकाल लागल्या लागल्या बार उडवून टाकू." श्रीगोंद्याकडचा मुलगा बघूनही ठेवला होता. मला पुढं शिकायचं होतं. पण आमच्या घरात पोरीच्या रडण्याला कोण विचारतंय!

माझ्याकडे धड पुस्तकही नव्हतं. आमच्या कोल्हार गावात तेव्हा वरच्या वर्गातल्या पोरींची पुस्तकं खालच्या पोरी वापरायच्या. आमच्या गल्लीतली एक पोरगी आदल्या वर्षी बारावीला होती. परीक्षेला महिना राहिला असताना काविळीनं गेली. तिचं पुस्तक मागायला मी तिच्या आईकडे गेले. मावशी म्हणाली, "घरी न्यायचं न्हाई. हितं बसून वाच. मोठ्यानं."

मावशीला अक्षराची ओळख नव्हती. दुपारी ती ओट्यावर ज्वारी निवडत बसायची. पहिल्या दिवशी मी तिच्यासमोर बसून पहिलं महायुद्ध काढलं.

"युरोपात दोन गट पडले," मी वाचलं.

"आणि शस्त्रस्पर्धा वाढीस लागली," मावशी सुपातली नजर न उचलता म्हणाली.

पुस्तकात तेच होतं. मग ती थांबेचना. साराजेव्हो, युवराजाचा खून, व्हर्सायचा तह, त्याची सगळी कलमं, धडाधड. आमच्या गल्लीत कुणी 'निःशस्त्रीकरण' म्हणतं का हो? आणि आवाज तिचा नव्हताच. कोवळा, घाईचा, प्रत्येक सनानंतर दम घेणारा. पोरगी वर्षभर त्या ओट्यावर मोठ्यानं घोकत होती आणि आई ऐकत होती, बाकी काही नाही. मला ते कळत होतं. तरी मी जरा मागं सरकून बसले.

दुसऱ्या महायुद्धाच्या पानाचा कोपरा दुमडलेला होता. "जर्मनीनं पोलंडवर" एवढं म्हणून मावशी गप्प झाली. मग स्वतःच्या आवाजात म्हणाली, "हितनं पुढं तू वाच. तिचं हितवरच झालंवतं."

त्यानंतर रोज तेच. मी एक परिच्छेद संपवला की ती म्हणायची, "परत."

"अहो मावशी, परीक्षा माझी का तुमची?" मी वैतागायची.

"परत वाच."

तिच्या हट्टापायी हिरोशिमा, संयुक्त राष्ट्रं, शीतयुद्ध, सगळं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. आणि सुटले बाई! इतिहासात एकसष्ट मार्क पडले. वडिलांनी श्रीगोंद्याला नकार कळवला.

निकालाच्या दिवशी मी पेढे घेऊन धावतच मावशीकडे गेले. ती पाठमोरी बसून एकटीच बोलत होती. पोलंडपर्यंत त्या पोरीचा आवाज आला. मग मावशीनं एक श्वास घेतला आणि पुढं माझा आवाज आला. माझं अडखळणं, माझी जांभई, मध्येच माझं 'छ्या, चुकलं'. त्या गेलेल्या पोरीला लागून मीच तिथं बसले होते.

तिनं वळून पाहिलं. मी कसंबसं म्हटलं, "मावशी, पास झाले. आता नगरला कॉलेजात जाणार. मला यायला जमायचं नाही."

"जा की," ती मायेनं म्हणाली. "तू हायेस हितं माझ्यापाशी."