मावसाजींनी आणलेली वानगी

स्वतः चाखून पाहिल्याशिवाय जगातली एकही वस्तू घरात येऊ द्यायची नाही, असा हट्ट धरणारा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात एकच, आणि ते आमचे मावसाजी. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव आणि शेत गेलं आणि पिढ्यान्‌पिढ्या धान पिकवणाऱ्या या माणसावर तांदूळ विकत घ्यायची पाळी आली. तेव्हा ते मूठभर वानगी आणत, शिजवून खात आणि मगच पोतं उचलत. बिचारा दुकानदार त्यांना पाहिलं की आपणहून पुडी बांधायला घेई.

पुनर्वसनाच्या नव्या वसाहतीत आल्यापासून मावशीचं बोलणं कमी होत होत थांबलंच. झोप नाही, जेवण नाही. डॉक्टरांना दाखवा, असं मी म्हटलं तर मावसाजी आधी एकटेच निघाले. "तिले कोणाच्याही हाती कसं देऊ, बाबू? पहिले मी पाहतो." मी कपाळाला हात लावला, पण सोबत गेलो.

मावशीची सगळी लक्षणं त्यांनी तिघांकडे जाऊन स्वतःची म्हणून सांगितली. मनोविकारतज्ज्ञांनी तपासून गोळ्या लिहून दिल्या. त्या मावसाजींनी घेतल्या नाहीत, एवढं नशीब. मानसशास्त्रज्ञ बाईंनी गोळी दिली नाही. प्रश्न विचारले, चाचण्या घेतल्या. बाहेर येऊन मावसाजी म्हणाले, "पेपर कठीण होता. पास झालो असन काय?" तिसऱ्या होत्या समुपदेशक. त्यांनी नुसतं विचारलं, "गावातलं काय आठवतं?"

"मले आंगन आठवते," मावशी गप्प होण्याआधी म्हणायची ते पाठ केलेलं वाक्य मावसाजींनी म्हटलं. मग बांधावरचं मोहाचं झाड आलं, बैलांची नावं आली, आणि हा एवढा मोठा माणूस खांद्यावरचा दुपट्टा तोंडाला लावून रडू लागला. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "हे तिचं नोहोय, बाबू. माह्यंच होतं."

घरी गेल्यावर त्यांनी मावशीला सगळं सांगितलं, रडल्याचंसुद्धा. कित्येक दिवसांनी ती बोलली, "मंग मले काहून नाही नेलं?"

आता दोघंही जातात. मावशीच्या गोळ्या सुरू आहेत, थोडी झोप लागते. परवा ती समुपदेशकांकडे आत होती आणि आम्ही बाहेर बाकावर. मी गमतीनं विचारलं, "मावसाजी, तिघांत चांगलं कोण?"

"तिघांचं काम अलग हाय रे," म्हणाले, आणि हातानंच मला गप्प केलं. आतून मावशीचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण थांबतही नव्हते.

"बहुत वेळची बोलून राहिली ना रे?" मावसाजींनी हळूच विचारलं.