भंडारा आणि तीन बोटं

माझा देवावर भरवसा होता की देवाच्या आडून मी डॉक्टरला भीत होते, हे मला आजही नीट सांगता येत नाही. डाव्या गालाच्या आत, दाढेजवळ एक फोड आला होता. आठवड्यात जाईल म्हणता म्हणता चार महिने झाले. अठराव्या वर्षापासून मी मिश्री लावत आले. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि दिवसातून चार वेळा दातांना घासायची. आमच्या अंथुर्ण्यात माझ्या वयाच्या बायकांना त्यात काही वावगं वाटत नाही. फोड हटेना तेव्हा मी माझाच उपाय काढला. रोज आंघोळ झाली की देव्हाऱ्यातला खंडोबाचा भंडारा चिमूटभर घ्यायचा आणि जखमेत दाबायचा. हळद ती, त्यात देवाची. तिच्यापुढं फोड काय टिकणार! मालकांना सांगितलं, दाढ दुखते. खोटं बोलण्यात मी तशी कच्ची, पण तेवढं जमून गेलं.

चंपाषष्ठीला देवळात भरीत-रोडग्याची पंगत होती. रोडग्याचा तुकडा तोंडाशी नेला, तर तोंडच पुरतं उघडेना. भरताचा तिखट घास लागला आणि डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी पदर तोंडाला लावला. शेजारी एक अनोळखी, साठीची बाई बसली होती. ती माझ्याकडं न बघताच म्हणाली, "किती दिस झालं?"

"दाढ दुखतीया," मी म्हटलं.

"दाढ न्हाय ती. तीन बोटं उभी धरून तोंडात घाला बघू. चांगल्या तोंडात तेवढी जात्यात."

भर पंगतीत हे काय! मी फणकारले, "आक्का, जेवू द्या की मला."

"जेवता कुठं येतंय तुमास्नी?" असं म्हणून तिनं मानेवरचा पदर जरासा सारला. कानामागून गळ्यापर्यंत टाक्यांचा जुना वण होता. मी मुकाट्यानं पदराआड बोटं घातली. दीडच गेलं. तिनं भंडाऱ्यानं पिवळे पडलेले माझे दात पाहिले आणि हळूच म्हणाली, "मी बी भंडाराच भरत हुते. अवो, देवानं त्यो कपाळाला लावाया दिलाय. उद्या बारामतीला जावा. देवाला सांगून जावा, पर जावा." पंगत उठली आणि ती गर्दीत दिसेनाशी झाली. ती कळस गावची आहे, एवढंच वाढणाऱ्या बाईकडून कळलं.

त्या संध्याकाळी मी मालकांना सगळं खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. उसाची तोड चालू होती, ती दिरांवर सोपवून सकाळीच मला बारामतीला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी तोंडात बॅटरी धरली आणि विचारलं, "हे पिवळं काय?" मी मान खाली घालून सांगितलं. त्यांनी कापसानं सगळं हळुवार पुसलं, तेव्हा खालचं खरं रूप दिसलं. मग त्यांनी मान चाचपली, तिथंही एक गाठ लागली. तुकडा काढून तपासावा लागेल म्हणाल्या. गाठीला सुरी लागली की ती चवताळते, असं आमच्या जाऊबाई कायम सांगायच्या. मी तेच बोलून दाखवलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मावशी, तपासल्यानं ती पसरत नाही. घाबरून घरी बसलं की पसरते." तपासणीत कॅन्सर निघाला. मालक दवाखान्याच्या पायरीवर बसून लहान मुलासारखे रडले, आणि धीर मलाच द्यावा लागला.

पुण्याला ऑपरेशन झालं. गालाचा तेवढा भाग आणि मानेतल्या गाठी काढल्या, मनगटाजवळचं कातडं घेऊन गाल भरला. पुढं सहा आठवडे किरणांचे उपचार झाले. त्यासाठी चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मुखवटा करतात आणि तो घालून टेबलाला घट्ट अडकवतात. हलायचं नाही, बोलायचं नाही. पहिल्या दिवशी मी आत रडले, तर डोळेसुद्धा पुसता येईनात. जन्मभर मी देवाकडं मागतच आले होते, त्या टेबलावर मागायलाही तोंड उघडत नव्हतं. मग मनातच म्हटलं, मल्हारी, आता तू आणि हे डॉक्टर काय ते बघा, मी हलत नाही. काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. फक्त छातीतली धडधड थांबली. तोंड सोलून निघालं, पाणीसुद्धा घशाखाली उतरेना, तरी त्या दिवसापासून मी तिथं निश्चिंत पडून राहू लागले.

वर्षानं मी साडी आणि नारळ घेऊन कळसला गेले, मानेवरच्या वणाची खूण सांगत घर शोधलं, त्या आक्कांची ओटी भरायला. त्या दारात ज्वारी पाखडत होत्या. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "कोण तुमी?"

खरं सांगते, मला वाईट वाटलं. जिच्यामुळं मी जिवंत होते, तिला माझी ओळखही नव्हती. पंगतीची आठवण दिली तशा त्या हसल्या. "बया, किती जणींना इचारलं आसंल मी! वाचले तर पंगतीत जिचा घास अडलाय तिच्याशेजारी बसीन, आसा नवस हाय माझा. कंचं त्वांड कुणाचं, काय ध्येनात ऱ्हातंय?" मग सूप बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "आता किती जात्यात?"

मी बोटं घालून दाखवली. दोन गेली.

"लई झाली," त्या म्हणाल्या, आणि माझी ओटी त्यांनीच आधी भरली.

मिश्रीचा तवा मी भंगारात दिला. भंडारा आता कपाळालाच लावते. देवावर भार टाकायचा म्हणजे हातावर हात धरून बसायचं, असं मला वाटायचं. तो ज्या माणसाला आपल्याशेजारी आणून बसवतो त्याचं ऐकायचं, हेही त्यातच येतं, एवढं मला कळलं. देवाचे उपकार माझ्यानं फिटायचे नाहीत.

गेल्या रविवारी देवळात प्रसादाचं खोबरं वाटलं. एका तरण्या सुनेनं ते तोंडाशी नेलं आणि गुपचूप पदराच्या गाठीला बांधलं. माझे शब्द आता पहिल्यासारखे स्पष्ट येत नाहीत, चारचौघांत बोलायला लाज वाटते. तरी मी उठले, तिच्याशेजारी जाऊन बसले, आणि मानेवरचा पदर जरासा सारला.