टोकावड्याच्या ओटीवर वैशालीची परीक्षा

माळशेजला सगळेच जातात. मी अलीकडच्या टोकावड्याला उतरलो, आणि तेही एकीची परीक्षा घ्यायला. कोर्टाने तुरुंगात न धाडता चांगल्या वागणुकीच्या अटीवर सोडलेल्या लोकांवर परिवीक्षा अधिकारी देखरेख ठेवतात. त्यांना समोरच्याला बोलतं करता येतं का, हे मी फॉर्मवर गुण देऊन ठरवतो. वैशाली त्यांच्यातलीच; ती नापास झाली, तर तिच्या देखरेखीखालची मुरबाडकडची माणसं ठाण्याच्या ऑफिसकडे जाणार होती. म्हणजे दर हजेरीला एकेकाचा अख्खा दिवस वाया.

आसनगावला उतरलात की शहापूरला शेअर रिक्षा लगेच मिळते, फक्त सुटे जवळ ठेवा. शहापुरात वैशाली भेटली. गरम वडापाव हाणून मुरबाडची एसटी पकडली, पुढे टोकावड्याला जीप. जायचं तर फेब्रुवारीत जा, भात निघालेल्या शेतांत तेव्हा वाल धरलेला असतो.

"सर, तुम्हीच गप्प? टेन्शन मला यायला हवं," वैशाली हसली.

वैशालीच्या देखरेखीखालच्या काळूरामने शेताच्या बांधाच्या वादावरून चुलतभावाचं डोकं फोडलं होतं. त्याच्या ओटीवर वालाच्या शेंगांचा ढीग होता. मला खुर्ची मिळाली. वैशाली सरळ खाली बसून शेंगा सोलायला लागली. काळूरामला विचारून मी रेकॉर्डिंग सुरू केलं. दहा मिनिटं झाली तरी हिचा एक प्रश्न नाही. गेली ही बाई, म्हटलं.

मग शेंगांकडे बघतच काळूराम म्हणाला, "ताई, परवा परत गेलतो बांधावर. काठी घेऊन."

"अहो, कोर्टाची अट विसरलात काय?" मी उसळलो. तो जो गप्प झाला, तो झालाच. वैशालीने मूठभर शेंगा माझ्यापुढे सरकवल्या.

"सर, या सोला."

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "मग काठीचं काय केलंत?"

"टाकली वाटंत. पोरीचं लगीन तोंडावर हाय, मी आत गेलो तं तिला कोन बघल? आता सरकारी मोजणी मागवतो. भांडान नाय."

त्याच्या बायकोने तांदळाची भाकरी, वालाचं कालवण नि सुकट वाढलं. "नाय म्हनू नका," तिने आधीच बजावलं. असलं कालवण शहरात मिळालं तर मला कळवा.

घरी येऊन रेकॉर्डिंग ऐकलं आणि लाज वाटली. ती दहा मिनिटं वैशाली त्याला धीर येईपर्यंत थांबली होती. फॉर्मात एक रकाना आहे: बोलणाऱ्याला मध्येच किती वेळा तोडलं? वैशालीने एकदाही नाही. एकदा तोडलं, ते मी. तिला पास केलं आणि शेऱ्यात लिहिलं, "इतर अधिकाऱ्यांना शिकवायला हिलाच बोलवावं. पहिल्या बाकावर मला बसवावं."