मामाजींचा दोन भिंगांचा कॅमेरा

किस्से काही कोणी ठरवून करत नाही. मंगरूळपीरला आमच्या गजाननच्या फोटो स्टुडिओत संध्याकाळी चहाला बसलं, की ते आपोआप साचत जातात. मी शाळेत शिकवतो, म्हणून तिथं मी 'मास्तर'. यंदाचे बहुतेक किस्से एकाच कॅमेऱ्यानं घडवले.

*

कॅमेरा गजाननच्या रिठदच्या सासऱ्यांचा, म्हणजे मामाजींचा. जुना, रोलवाला, स्टीरिओ. शेजारीशेजारी दोन भिंगं, एका वेळी दोन फोटो. ते व्ह्यूअरमध्ये घालून दोन्ही डोळ्यांनी पाहिले, की वस्तू समोर उभी राहते. मामाजींनी तो सांभाळायला दिला होता. गजाननला त्यानं फुलं, किडे अगदी जवळून टिपायचे होते, अन् त्यासाठी भिंगं एकमेकांजवळ आणावी लागतात. गड्यानं सरळ कॅमेरा खोलला!

गजाननच्या बायकोनं, वंदनावहिनींनी, कपाळावर हात मारला. "बाबाले समजलं तं मी माहेरी कोन्या तोंडानं जाऊ?"

"रिठदवरून कायले येतात ते?" गजानन म्हणाला, पण स्क्रू त्याच्या हातून दोनदा पडला.

*

भिंगांपुढं चष्म्याच्या काचाही लावायच्या होत्या. आम्ही सलीमभाई चष्मेवाल्यांकडे गेलो.

"पेशंट कुठी हाये?"

गजाननने कॅमेरा खुर्चीवर ठेवला. सलीमभाईंनी तो नीट न्याहाळला, जाड नंबराच्या दोन काचा काढल्या अन् गंभीरपणे विचारलं, "फ्रेम कोनती देऊ?"

*

आता फोकस एकाच अंतरावर पक्का झाला. बरोबर एक वीत. पहिला रोल मी काढला, प्रत्येक फुलाला वीत लावून. रोल पुण्याहून धुऊन आला, तर सगळं धूसर.

गजाननचा पंजा फावड्याएवढा, माझा आपला बेताचा. तो म्हणाला, "मास्तर, वीत माही होती. तुमची काहून लावली?"

मग त्यानं सायकलच्या चाकाच्या दोन तारा कॅमेऱ्यापुढं बसवल्या. टोकं फुलाला टेकली की फोकस आला.

*

किन्हीराजा गावच्या एका शेतात गजानन तुरीला तारा टेकवत फिरत होता. शेतमालकीण काकूंनी विचारलं, "हे काय करून राह्यले?"

मी गमतीनं म्हटलं, "पिकाचा ताप पाहून राह्यलो."

काकू हसल्या नाहीत. "मंग त्या कोपऱ्यातल्या झाडाले बी लावा." गजाननने इमानदारीत लावल्या. काकू म्हणाल्या, "आता औषद कोनतं मारू, थे सांगा."

*

अन् एक दिवस वांग्यांची पिशवी घेऊन मामाजी स्वतःच स्टुडिओत हजर. गजाननने टेबलावरच्या कॅमेऱ्यावर घाईघाईनं दुपट्टा टाकला. व्ह्यूअर मात्र बाहेरच राहिला.

मामाजींनी तो डोळ्याला लावला. आत वांग्याचं पान, पानावर मावा, रस शोषणारे बारीक किडे. मामाजी वांगी पिकवणारे. पाहता पाहता त्यांचा हात वर आला अन् दोन बोटांनी हवेतच मावा चिरडायला लागला.

"कोन्या क्यामेऱ्यानं काढला?"

चहा घेऊन आलेल्या वहिनींनीच दुपट्टा उचलला. "बाबा, तुमच्याच."

काचा, तारा, चिकटपट्ट्या, सगळं उघडं पडलं. मामाजींनी कॅमेरा उलटसुलट करून पाहिला. गजानन खाली मान घालून उभा होता.

"जवाईबापू," मामाजी म्हणाले, "सारी उमर यानं मले एक धड फोटू देल्ला नाही. आधीच काहून नाही फोडला?"